बाळ झोपत नाही? पहिल्या वर्षातल्या झोपेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. दोन मुलांची आई आहे. धाकट्याच्या वेळी तीन महिने रोज रात्री त्याला खांद्यावर घेऊन हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारल्या. तेव्हापासून बाळांच्या झोपेबद्दल मिळेल ते वाचत आले, बालरोगतज्ज्ञांना विचारत आले. हळूहळू ओळखीतल्या बाळंतिणी मला फोन करू लागल्या. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून त्यांच्याच शब्दांत इथे मांडले आहेत. तुमचं बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, वजन कमी असेल किंवा काही आजार असेल, तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

बाळाने किती झोपायला हवं? आमचं तर झोपतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: पहिले तीन महिने २४ तासांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिने १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षं ११ ते १४ तास. दिवसाच्या डुलक्या यातच आल्या. 'झोपतच नाही' म्हणणाऱ्या आईला मी दोन दिवस झोपेच्या वेळा कागदावर लिहायला सांगते. बेरीज केली की बऱ्याचदा चौदा तास भरतात. पण ते चाळीस मिनिटं, दीड तास, पुन्हा वीस मिनिटं असे तुकड्यातुकड्यांनी आलेले असतात आणि त्यात आईची एकही सलग झोप होत नाही. थकवा त्याचा असतो.

एवढ्याशा पोटात दूध फार राहत नाही, त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळ दर दोन-तीन तासांनी उठणारच. जन्मानंतर उतरलेलं वजन पुन्हा भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, झोपलेल्या बाळाला उठवूनही पाजावं लागतं. तेव्हा 'बाळ गुणी आहे, पाच-पाच तास झोपतं' यावर खूश राहू नका.

दिवसभर झोपतं आणि रात्री टक्क जागं. दिवसरात्र उलटी झाली आहे.

उलटी झालेली नाही, अजून सुलटी लागायची आहे. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे शरीराला कळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. आपण तेवढी मदत करू शकतो.

आपल्याकडे बाळंतिणीची खोली वारा लागेल म्हणून दिवसभर बंद असते. पडदे ओढलेले, चोवीस तास एकच पिवळा दिवा. त्या खोलीत बाळाला सकाळ कशी कळणार? सकाळी खिडकी उघडा, बाळाला उजेडात घेऊन बसा, बोला, खेळवा. दिवसा घरातले आवाज दाबू नका, कुकरची शिट्टी होऊ द्या. रात्री उलट करायचं. छोटा दिवा, बोलणं जवळजवळ नाही, लंगोट खूप भिजला असेल किंवा शी झाली असेल तरच बदलायचा, डोळ्यांत डोळे घालून लाड नाहीत. आईच्या रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिन दिवसापेक्षा जास्त असतं, तेही बाळाला शिकवत असतं. दूध काढून ठेवत असाल तर बाटलीवर वेळ लिहा आणि रात्रीचं दूध रात्रीच द्या.

झोप आलीय हे ओळखायचं कसं?

बाळ रडायच्या आधी सांगतं. नजर एका जागी थिजते, भुवया किंचित लालसर होतात, तोंड आपल्या खांद्यात खुपसतं, खेळण्याकडे पाठ फिरवतं, मग जांभई. रडायला लागलं म्हणजे वेळ टळली. फार थकलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट चेकाळतं.

माझी थोरली झोप आली की डावा कान ओढायची. घरात दोन आठवडे 'कान दुखतोय, तेल घाला' चाललं होतं. कानात तेल घालू नका, मुळीच नाही. घड्याळ लावून बघितलं तेव्हा कळलं की उठल्यापासून बरोबर दीड तासाने हात कानाकडे जातोय. सुरुवातीला बाळ एका वेळी तासभर जागू शकतं, चौथ्या महिन्यात दीड-दोन तास, आठव्या-नवव्यात तीनेक तास. हे अंदाज आहेत, खरी खूण तुमच्या बाळाचीच.

मांडीवर गाढ झोपतं. खाली ठेवलं की पाठ टेकायच्या आत डोळे उघडे!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यावर नीट संशोधन झालेलं आहे. जपानच्या रिकेन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. रडणाऱ्या बाळाला घेऊन आई पाच मिनिटं एका चालीने चालत राहिली की बाळ शांत होत होतं आणि बरीचशी झोपतही होती. पण लगेच खाली ठेवलं की जाग येत होती. ठोके वाढत होते ते पाठ गादीला टेकल्यावर नव्हे, आईच्या अंगापासून सुटताना. आणि ठेवण्याआधी काही मिनिटं मांडीवर झोप मुरू दिलेली बाळं झोपून राहण्याची शक्यता जास्त होती. त्यांचा सल्ला सोपा आहे: पाच मिनिटं चाला, मग पाच ते आठ मिनिटं बसा, मग ठेवा. बाळं २१च होती, हे खरं. पण हे करून बघायला काही लागत नाही.

मधली ती पाच-आठ मिनिटंच आपण खातो. डोळे मिटले की आपल्याला भांडी आठवतात. बाळाचा हात उचलून बघा. सोडल्यावर तो ओल्या फडक्यासारखा पडला तर झोप मुरली. बोटं आवळली तर अजून बसा.

ठेवताना बाळाला छातीशी धरूनच खाली वाका, म्हणजे अंग शेवटपर्यंत तुटत नाही. आधी बूड टेकवा, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी मागे गेलं की बाळ पडल्यासारखं दचकतं आणि दोन्ही हात फेकतं. ठेवल्यावर तळहात मिनिटभर छातीवर राहू द्या, नंतर काढा. थंडीत गार चादरीने जाग येते, म्हणून तिच्यावर आधी आपण पाच मिनिटं पडून घ्यावं.

आईची साडी उशाशी ठेवली की वासाने बाळ झोपतं, असं आज्या सांगतात. वासाचं खरं आहे, पण सुटं कापड तोंडावर येतं. त्यापेक्षा जुनी मऊ सुती साडी गादीवर ताणून चारही बाजूंनी घट्ट खोचा. वासही राहतो, भीतीही नाही.

पाळणा, झोळी की आपल्याजवळ?

कुठेही झोपवा, चार गोष्टी सांभाळा: पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर आणि मोकळ्या जागेत. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहूनही कमी झालं. 'पाठीवर झोपवलं तर दूध घशात जाईल' ही भीती मलाही होती. पण पाठीवर झोपल्यावर श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला उलट चढ चढावा लागतो.

साडीची झोळी आपल्या घराघरात आहे आणि तिच्यात बाळं पटकन झोपतात, हे मी नाकारत नाही. अडचण अशी की झोळीत अंग वाकतं आणि हनुवटी छातीवर येते. लहान बाळाची मान ती उचलू शकत नाही आणि श्वासाची वाट अरुंद होते. कापडाच्या दोन्ही बाजू तोंडाजवळ येतात. म्हणून झोळीत आंदुळा, पण कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसलेलं असू द्या आणि बाळ झोपलं की सपाट जागी हलवा. रात्रभर झोळीत नको, आणि 'ताई बघते' म्हणून सहा वर्षांच्या ताईवर सोडूनही नको.

लाकडी पाळणा चांगला, जर तळ सपाट असेल. आतली मोहरीची उशी, गोधडी, भरलेली खेळणी बाहेर काढा. डोकं गोल व्हावं म्हणून उशी देतात, पण त्यासाठी जागेपणी रोज थोडा वेळ पालथं ठेवणं जास्त कामाचं. चिमणाळ्याच्या दोऱ्या हाताला पोचू देऊ नका. डासांसाठी कॉइलच्या धुरापेक्षा मच्छरदाणी.

आपल्या बहुतेक घरांत बाळ आईशेजारीच झोपतं. निदान सहा महिने बाळ आपल्याच खोलीत असावं, पण त्याची जागा वेगळी, हात पोचेल एवढ्या अंतरावर, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. अंथरुणात घेत असाल तर मऊ फोमची गादी नको, सोफा तर कधीच नाही. घरात कोणी सिगारेट ओढत असेल, दारू प्यायलं असेल किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर त्या अंथरुणात बाळ नको. हे वाक्य घरातल्या पुरुषांना वाचून दाखवा.

तेल-पाणी झालं की तीन तास गाढ झोपतं. मग रात्री का नाही?

कारण सकाळी तुम्ही न कळत उत्तम क्रम पाळता: मालिश, कोमट पाणी, दुपट्यात गुंडाळणं, दूध. रोज तेच, त्याच क्रमाने. असाच छोटा क्रम रात्रीचा लावा. २००९ मधल्या एका अभ्यासात सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांना रोज रात्री अंघोळ, हलकी मालिश आणि शांत वेळ, मग अर्ध्या तासात दिवा बंद, असं दोन आठवडे केलं. मुलं लवकर झोपू लागली, रात्रीचं उठणं कमी झालं, आयांचाही मूड सुधारला.

रात्री अंघोळच हवी असं नाही. ओल्या फडक्याने अंग पुसा, झबलं बदला, तळपायांना तेल लावा, पाजा, अंगाई म्हणा, थोपटा. गाणं रोज तेच असलं तर जास्त चांगलं. आवाज चांगला नाही म्हणून लाजू नका, बाळाला तोच आवाज हवा असतो.

धुरी द्यावी का?

नको. ओवा-लसणाचा वास घरात कितीही चांगला वाटला तरी धूर तो धूर, आणि ती फुप्फुसं अजून घडत असतात. मालिशवाल्या मावशींना वाईट वाटेल, तर डॉक्टरांचं नाव पुढे करा.

गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दिले तर झोपेल का?

झोपेल, आणि म्हणूनच देऊ नका. जायफळ गुंगी आणतं. सहाणेवर एक वेढा आज हलक्या हाताने पडतो, उद्या जोराने, त्यामुळे किती पोटात गेलं ते कोणालाच कळत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. बाळकडू, गुटी, ग्राइप वॉटर काही नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाला लावूनही चाटवू नका, त्यातून बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाळाला गुंगी देऊन झोपवण्याची आपल्याकडे फार दुखरी गोष्ट आहे. मुंबईच्या गिरणगावात काम करणाऱ्या बाया शंभर वर्षांपूर्वी तान्ह्या बाळांना अफूची 'बाळागोळी' देऊन पाळीवर जात. त्या काळच्या सरकारी अहवालांत याच्या नोंदी आहेत. त्या आयांना दोष देववत नाही. दहा-दहा तास उभं राहून काम, घरी बघणारं कोणी नाही, रजा नाही. आज कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, पण घरकाम करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईला ती मिळत नाही. बाळाला झोपेचं औषध द्यावंसं वाटणारी आई बहुतेक वेळा स्वतः झोपेवाचून मोडलेली असते. तिला ओरडू नका, बाळ तिच्या हातातून घ्या आणि तिला झोपू द्या.

सर्दीचं औषध दिलं की छान झोपतं. रोज थोडं द्यावं?

अजिबात नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. घरातल्या बाटल्यांची लेबलं आजच वाचा.

दुपट्यात घट्ट बांधलं तर चालेल?

हात आणि छाती गुंडाळा, पण छातीशी दोन बोटं जातील एवढं सैल. पाय बेडकासारखे दुमडून हलायला मोकळे हवेत. पाय सरळ ओढून बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद. मे महिन्यात झबलं, दुपटं, टोपडं आणि वर कुंची असं करू नका. मानेमागे हात लावा, घामेजली असेल तर कपडे कमी करा. पंखा चालतो.

झोपेत हसतं, कण्हतं, हातपाय झाडतं. झोप नीट होत नसेल का?

झोपेत हसलं की आजी म्हणते, सटवाई हसवतेय. मला हे फार आवडतं. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी हलती असते. डोळे पापण्यांखाली फिरतात, तोंड चोखल्यासारखं हलतं, मधेच कण्हणं. आपण 'उठलं!' म्हणून उचलतो आणि खरोखर झोपलेल्या बाळाला जागं करतो. माझ्याकडून हे कितीदा झालं! कण्हणं ऐकलं की मनात शंभर मोजा. पुष्कळदा साठाच्या आत बाळ पुन्हा शांत होतं.

तिन्हीसांजेला दोन-तीन तास रडतं. दृष्ट लागली असेल?

मीठ-मोहरी ओवाळायची असेल तर ओवाळा, फक्त धूर बाळापासून लांब. हे संध्याकाळचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. यात तुमच्या दुधाचा किंवा तुमच्या खाण्याचा दोष असतोच असं नाही. खांद्यावर घेऊन चालणं, अंधारी खोली, पंख्याचा एकसुरी आवाज यांनी थोडं हलकं होतं. मोबाइलवर असा आवाज लावलात तर आवाज कमी आणि मोबाइल बाळापासून दोन मीटर लांब.

आणि कधी सहन होईना झालं, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवणं जिवावर बेतू शकतं. थोडा वेळ रडण्याने काही होत नाही.

छान झोपत होतं, चौथ्या महिन्यात सगळं बिघडलं.

झोपेची घडण बदलते. हलकी आणि गाढ झोप मोठ्यांसारखी आळीपाळीने येऊ लागते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं. झोपताना जे होतं, ते तेव्हा शेजारी नसेल तर ते शोधतं. मांडीवर झोपलं होतं आणि जाग गादीवर आली, तर ते घाबरणारच. म्हणून दिवसातून एकदा तरी, सकाळची पहिली डुलकी त्यातल्या त्यात सोपी, बाळाला पेंगुळलेलं पण जागं असताना खाली ठेवून थोपटा. जमलं नाही तर उचला, उद्या पुन्हा. याच सुमारास पुष्कळ बाळं आजोळहून घरी येतात. नवी खोली, नवे आवाज, त्यालाही आठवडाभर द्या.

आमच्याकडे सगळे अकराला झोपतात. बाळाला आठला कसं झोपवणार?

आठचा हट्ट मी धरत नाही. २०१० मध्ये १७ देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांखालच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधली मुलं साधारण साडेसातला झोपत होती, हाँगकाँगमधली सव्वादहाला. भारतही त्यात होता. आशियातली मुलं उशिरा झोपतात आणि एकूणही कमी झोपतात, असं दिसलं. पण आपल्या घरात साडेआठला एक खोली अंधारी होऊ शकते. बाबा नऊला घरी येतात आणि बाळाला उंच उडवतात, तिथे गाडी घसरते. बाबांना सकाळचा तास द्या, मालिश-अंघोळ त्यांची. टीव्ही दुसऱ्या खोलीत. सासूबाईंना 'आवाज कमी करा' म्हणण्यापेक्षा 'आई, आज तुम्ही अंगाई म्हणता का?' असं विचारून बघा.

रडू द्यावं का? आपोआप झोपायला शिकतं म्हणतात.

सहा महिन्यांच्या आत नाही. त्यानंतर काही कुटुंबं मोजक्या मिनिटांनी आत-बाहेर करत शिकवतात. ऑस्ट्रेलियात अशा हळूहळू शिकवलेल्या मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत पाहिलं. २०१२ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की इजा दिसली नाही आणि दूरवरचा फायदाही नाही. माझं मत विचाराल तर तीन पिढ्यांच्या घरात हे निभत नाही. पंधराव्या मिनिटाला आजी उचलते, आणि बाळ शिकतं की पंधरा मिनिटं रडलं की काम होतं. त्यापेक्षा शेजारी बसून थोपटा, चार दिवसांनी नुसता हात ठेवा, मग नुसतं जवळ बसा. वेळ लागतो, पण घर एकत्र राहतं.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, मधेच श्वास थांबणं, ओठ निळसर, दूध न ओढणं, उठवूनही न उठणं: यांतलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच निघा. पहिल्या आठवड्यात कावीळ आणि फार झोपाळूपणा एकत्र असेल तरीही. दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील किंवा रोज झोपेत घोरत असेल, तर दुसऱ्या दिवशी दाखवा.

बाळाचं ठीक आहे हो, पण मीच झोपले नाहीये.

तुमच्यासाठी रात्रीची वाटणी करा. रात्री नऊला पाजून तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचं. एक वाजेपर्यंत उचलणं, लंगोट, थोपटणं बाबांकडे किंवा आजीकडे. भूक लागली तर बाळाला तुमच्या कुशीत आणून द्यायचं आणि पाजून झालं की परत न्यायचं. सलग तीन तास झोप मिळाली तरी सकाळ वेगळी असते. बाळ झोपलं असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, नको ते विचार येत असतील, तर ते घरात बोला आणि डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.